घर जपानचे, प्रश्न जमिनीचे

२०१९ च्या मे महिन्यात टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या प्रशासनाने पुराचा नवा नकाशा काढला. मुखपृष्ठावर वॉर्डाच्या हद्दीत ठळक अक्षरांत लिहिले होते की इथे थांबून चालणार नाही. सरकारी कागद इतके स्पष्ट क्वचितच बोलतात. कारणही तसेच होते. पश्चिमेला अराकावा नदी, पूर्वेला एदोगावा नदी, दक्षिणेला टोकियोचा उपसागर आणि मधल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. कारखान्यांनी वर्षानुवर्षे भूजल उपसले आणि जमीन खचत गेली. नद्यांना महापूर आला तर काही भागांतले पाणी आठवडा-दोन आठवडे ओसरणार नाही, तेव्हा वेळेवर वॉर्डाबाहेर पडा, असा या नकाशाचा सांगावा होता.

त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २०१९ मध्ये, याच वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. जपानमध्ये निवडून आलेले ते भारतात जन्मलेले पहिले लोकप्रतिनिधी, आणि मराठी माणूस. त्या बातमीने महाराष्ट्रात एदोगावाचे नाव पोहोचले. नकाशाची बातमी मात्र इकडे फारशी कुणाच्या कानावर आली नाही. टोकियोत घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने दुसरी बातमी अधिक कामाची होती.

एदोगावातल्या निशिकासाई भागात भारतीय वस्ती वाढली ती २००० च्या आसपास, संगणक अभियंत्यांच्या लाटेबरोबर. तोझाई मार्गाची मेट्रो पकडली की निहोनबाशी आणि ओतेमाचीतली कार्यालये जवळ. शिवाय निमसरकारी यूआर संस्थेच्या भाड्याच्या इमारती तिथे होत्या. या संस्थेला हमीदार लागत नाही, घरमालकाला द्यायची ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम नाही, दलाली नाही. इतरत्र परदेशी माणसाला भाड्याने घर मिळणे किती कठीण, हे जपानच्या न्याय मंत्रालयाच्या २०१७ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत दिसले. घर शोधलेल्या परदेशी नागरिकांपैकी सुमारे ४० टक्के जणांना परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाला होता. त्यामुळे निशिकासाईत भारतीय किराणा आला, आसपास भारतीय शाळा आल्या, आणि मुले मोठी होऊ लागली तसा भाड्याऐवजी हप्ता भरावा हा विचारही आला.

कायद्याची आडकाठी जवळजवळ नाही. परदेशी माणूस जपानमध्ये घर आणि त्याखालची जमीन दोन्ही कायमच्या मालकीने घेऊ शकतो. त्यासाठी व्हिसाही लागत नाही. संरक्षण तळांच्या आणि सीमेवरच्या बेटांच्या परिसरासाठी २०२१ मध्ये कायदा झाला. त्यानुसार ठरवलेल्या काही विशेष क्षेत्रांत २०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या व्यवहाराची आधी सूचना द्यावी लागते. मात्र घर घेतले म्हणून देशात राहण्याचा हक्क मिळत नाही. पुण्यात बसून जपानी घराच्या जाहिराती पाहणाऱ्यांनी ही एक ओळ ठळक करून ठेवावी. भारतातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, हेही.

खरी अडचण असते ती भारतातून नेलेल्या सवयींची. महाराष्ट्रात घर घेणारा माणूस आधी कागदाला घाबरतो. सातबारा कोणाच्या नावावर, वारसांच्या सह्या झाल्या का, एनए आहे का, वकिलाचा सर्च रिपोर्ट काय म्हणतो? इमारतीकडे तो त्यानंतर पाहतो आणि जमिनीखाली काय आहे हे तर बहुधा विचारतच नाही. जपानमध्ये हा क्रम उलटा करावा लागतो.

इथे आधी जमीन कसली आहे ते पाहायचे. एदोगावाच्या शेजारी नदीपलीकडे उरायासू शहर आहे. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग समुद्रात भराव टाकून तयार केलेला. ११ मार्च २०११ चा भूकंप शेकडो किलोमीटर दूर, तोहोकूच्या किनाऱ्याजवळ झाला. तरी उरायासूतली भरावाची जमीन हादऱ्याने पाण्यासारखी वाहू लागली. रस्त्यांवर गाळ आला, घरे कलली, मलवाहिन्या तुटल्या. घर कोसळले नाही, पण कलले. आत चालताना तोल जाऊ लागला. अशा घराला विकत घेणार कोण? म्हणून जपानमध्ये पुराच्या नकाशाबरोबरच जमीन द्रवरूप होण्याच्या शक्यतेचे, दरडींचे आणि त्सुनामीचे नकाशेही उपलब्ध असतात, आणि फुकट असतात. पत्ता टाकायचा आणि रंग पाहायचा. पश्चिम जपानातल्या २०१८ च्या पुरानंतर, ऑगस्ट २०२० पासून, पुराच्या नकाशावर घर नेमके कुठे येते हे खरेदीदाराला समजावून सांगणे एजंटावर बंधनकारक झाले. गंमत म्हणजे तो ते सांगतो अगदी शेवटी, कराराच्या वेळी, जेव्हा मन घरात राहायला गेलेलेही असते.

वरच्या मजल्यावर घर घेतले म्हणजे पाण्यातून सुटका झाली असेही नाही. ऑक्टोबर २०१९ च्या हागिबिस वादळात कावासाकीच्या मुसाशी-कोसुगी भागातल्या एका ४७ मजली टॉवरच्या तळघरात पाणी शिरले. विजेची यंत्रणा तळघरातच होती. लिफ्ट बंद, पंप बंद, स्वच्छतागृहे बंद. तोपर्यंत त्या भागातले टॉवर प्रतिष्ठेचे समजले जात. आता जाणते खरेदीदार विचारतात, विजेची खोली कितव्या मजल्यावर आहे?

दुसरी तारीख ध्यानात ठेवायची ती १ जून १९८१. मियागीच्या १९७८ च्या भूकंपानंतर बांधकामाचे नियम बदलले आणि या दिवसापासून लागू झाले. त्याआधीच्या इमारतींना ‘जुन्या मापाच्या’ म्हणतात. पाहायची असते ती बांधकामाला मंजुरी मिळाल्याची तारीख. १९८२ मध्ये उभी राहिलेली इमारत १९८० च्या मंजुरीवर बांधलेली असू शकते. १७ जानेवारी १९९५ ला कोबे हादरले आणि ६,४३४ माणसे गेली; त्यांतली बरीचशी जुन्या लाकडी घरांखाली दबून. त्यानंतर २००० मध्ये लाकडी घरांसाठी नियम आणखी कडक झाले. तेव्हा फ्लॅटसाठी १९८१ आणि लाकडी बंगल्यासाठी २००० हे आकडे विचारात घ्यावेत. भूकंपविमा वेगळा घ्यावा लागतो, आगीच्या विम्याला जोडून. त्याची रक्कम आगीच्या विम्याच्या ३० ते ५० टक्केच असते. म्हणजे घर गेले तर सगळे परत मिळेल या भरवशावर राहू नये.

नव्या इमारतीलाही डोळे मिटून मान डोलवता येत नाही. योकोहामात त्सुझुकी भागात चार इमारतींचे, ७०५ घरांचे एक संकुल होते. २०१४ मध्ये तिथल्या रहिवाशांना दिसले की दोन इमारतींना जोडणाऱ्या मार्गिकेतला कठडा सरळ रेषेत राहिलेला नाही; फरक जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. २०१५ मध्ये उघड झाले की पायातले काही खांब कठीण थरापर्यंत पोहोचलेच नव्हते आणि नोंदींत फेरफार केलेला होता. अखेर चारही इमारती पाडून नव्याने बांधल्या गेल्या. नव्या घराच्या मुख्य सांगाड्याची दहा वर्षांची जबाबदारी कायद्याने बांधकाम व्यावसायिकावर असते, म्हणून अशा वेळी रहिवाशाला उभे राहायला जागा मिळते. जुने घर खासगी मालकाकडून घेताना मात्र ही मुदत करारात बहुधा तीन महिन्यांवर येते, कधी ती पूर्ण नाकारलेलीही असते. म्हणून जुन्या घराची तपासणी स्वतंत्र तज्ज्ञाकडून करून घ्यावी. वाळवी, गळती, कललेला मजला या गोष्टी त्याला दिसतात. घराच्या प्रेमात पडलेल्याला दिसत नाहीत.

मग येतो रस्ता. जपानच्या बांधकाम कायद्यानुसार प्लॉटची किमान दोन मीटर बाजू किमान चार मीटर रुंद, कायद्याने मान्य रस्त्याला लागलेली हवी. नसेल तर सध्याचे घर राहते, पण ते पाडून तिथे नवे बांधता येत नाही. टोकियोच्या गल्ल्यांमध्ये अशी घरे कितीतरी आहेत. आजूबाजूच्या भावापेक्षा एखादे घर फारच स्वस्त दिसले तर जाहिरातीच्या तळाशी ‘पुनर्बांधणी नाही’ ही अक्षरे शोधावीत. रस्ता चार मीटरपेक्षा अरुंद पण मान्य असेल तर नव्या बांधकामाच्या वेळी स्वतःच्या जागेतून थोडी जमीन सोडावी लागते. हद्दीच्या खुणांबाबतही तसेच. कोपऱ्यांवरचे दगड शेजाऱ्यांच्या संमतीने निश्चित झालेले आहेत का, मोजणी कधी झाली, हे विचारावे. शेतजमीन असेल तर स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते. हे मराठी माणसाला सांगायला नको.

कागदाच्या बाबतीत जपान तुलनेने सोपा देश आहे. विधी कार्यालयात काही शे येन भरले की कुणीही कुठल्याही मालमत्तेचा उतारा काढू शकतो. त्यात तीन भाग असतात: मालमत्तेचे वर्णन, मालकी, आणि गहाण वगैरे बोजे. पण ही नोंद म्हणजे मालकीची सरकारी हमी नव्हे. २०१७ मध्ये टोकियोच्या गोतांदा भागातल्या एका जुन्या खानावळवजा निवासाच्या जागेसाठी सेकिसुई हाऊस या देशातल्या अग्रगण्य घरबांधणी कंपनीने तोतया मालकिणीशी व्यवहार केला. खोटे पारपत्र, खोटे कागद. नोंदणीचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा पैसे हातचे गेले होते; नुकसान सुमारे ५५५ कोटी येन. खऱ्या मालकाच्या बाजूने आलेली इशाऱ्याची पत्रे कंपनीने खोडसाळपणा समजून बाजूला ठेवली होती. तज्ज्ञ बाळगणारी कंपनी फसू शकते, तर चांगली जागा हातची जाईल म्हणून घाई करणाऱ्या माणसाने थोडे थांबलेले बरे.

सर्वसामान्य व्यवहारात ही काळजी घेतो ‘शिहो-शोशी’, म्हणजे नोंदणीचे काम करणारा परवानाधारक. शेवटच्या दिवशी बँकेच्या एका खोलीत खरेदीदार, विकणारा, एजंट, बँकेचा माणूस आणि हा गृहस्थ एकत्र बसतात. तो कागद आणि ओळखी तपासतो, ठीक आहे म्हणतो, तेव्हाच पैसे वळते होतात. किल्ल्या हाती येतात आणि तो त्याच दिवशी विधी कार्यालयात अर्ज दाखल करतो.

त्याआधीचा सर्वांत महत्त्वाचा दिवस कराराचा. कायद्यानुसार करारापूर्वी परवानाधारक माणसाने आपले ओळखपत्र दाखवून ‘महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण’ द्यावे लागते. जमिनीचा वापर कशासाठी, रस्ता कोणता, बोजा काय, पूर, दरड, थकबाकी, सगळे त्यात असते. दस्तऐवज जाडजूड, भाषा अवघड जपानी, आणि वाचन बहुतेकदा करार करायच्या त्याच दिवशी. याचा मसुदा चार-पाच दिवस आधी मागून घ्यावा. जपानी वाचणाऱ्या मित्राला किंवा पैसे देऊन दुभाष्याला सोबत घ्यावे. एजंट नाखुश झाला तरी चालेल. एकच एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेऊ शकतो, आणि जपानमध्ये हे सर्रास चालते. दलालीची कमाल मर्यादा मात्र ठरलेली आहे: ४० लाख येनवरच्या किमतीसाठी ३ टक्के अधिक ६० हजार येन आणि वर उपभोग कर. फार स्वस्त घरांसाठी २०२४ पासून ही मर्यादा वाढवली आहे.

करारावेळी सहसा ५ ते १० टक्के इसार दिला जातो. खरेदीदाराने माघार घेतली तर तो बुडतो. विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट परत करायचा. समोरच्या पक्षाने कराराच्या पूर्ततेला सुरुवात करेपर्यंतच ही सोय. कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, असे कलम करारात आहे ना, आणि त्याची शेवटची तारीख कोणती, हे बघितल्याशिवाय शिक्का उठवू नये.

कर्जाचे गणित व्हिसावर फिरते. कायम निवासाचा हक्क असलेल्याला बँका दारात उभे करतात; इतरांना मोजक्याच, आणि जास्त स्वतःचे पैसे मागून. हा हक्क मिळायला सर्वसाधारणपणे दहा वर्षे लागतात, उच्चकुशल व्यावसायिकांना गुणांनुसार तीन किंवा एक वर्ष. बहुतेक बँकांच्या कर्जाबरोबर आयुर्विमा येतो आणि कर्जदार गेला तर कर्ज फिटते, ही मोठी सोय. पण जपानी कर्ज म्हणजे जवळजवळ फुकट पैसा ही समजूत आता जुनी झाली. बँक ऑफ जपानने मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदर संपवला, जानेवारी २०२५ मध्ये दर ०.५ टक्क्यांवर नेला. ३५ वर्षांचे बदलत्या दराचे कर्ज काढताना दर दोन टक्क्यांनी चढला तर हप्ता किती होईल, ते आधी काढून पाहावे.

घराच्या किमतीबद्दल भारतीय मनाला सर्वांत पचायला जड जाते ते हे की इथे घर म्हाताऱ्या गाडीसारखे उतरते. करहिशेबात लाकडी घराचे आयुष्य २२ वर्षे, काँक्रीटच्या इमारतीचे ४७. वीस-पंचवीस वर्षांच्या लाकडी घराची किंमत बाजारात बऱ्याचदा शून्याजवळ असते. उरते ती जमिनीची. टोकियोच्या २३ वॉर्डांत नव्या फ्लॅटची सरासरी किंमत २०२३ मध्ये ११ कोटी ४८ लाख येनवर गेली हे खरे, पण ते टोकियो आहे. देशभर २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के.

ही रिकामी घरे, ‘आकिया’, सध्या जगभर चर्चेत आहेत. गावातले मोठे घर काही लाख येनमध्ये, म्हणजे मुंबईतल्या पार्किंगच्या भावात. छप्पर, वाळवी, जुनी मलव्यवस्था, पाडायचा खर्च हे त्या जाहिरातीत नसते. दरवर्षी १ जानेवारीला जो मालक असेल त्याला स्थावर कर भरावा लागतो. घर असलेल्या जमिनीला या करात मोठी सवलत आहे, पण घराची निगा न राखल्यास पालिका ती काढून घेऊ शकते. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार आणखी वाढला. वर्षातून एकदा येऊन राहू म्हणणाऱ्यांसाठी हे घर नाही.

निगाताच्या युझावा गावाचा धडा तर आणखी बोलका आहे. तेजीच्या काळात तिथे बर्फावर खेळायला येणाऱ्यांसाठी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. तेजी फुटली, आणि आज त्यांतले काही फ्लॅट लाखभर येनला मिळतात. दरमहा मेंटेनन्स आणि दुरुस्ती निधी मात्र थांबत नाही, गरम पाण्याच्या कुंडाचा आणि लिफ्टचा खर्च आहेच. आधीच्या मालकाने थकवलेली रक्कम कायद्यानुसार नव्या मालकाकडूनही वसूल होते. कोणताही फ्लॅट घेताना दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे आणि पुढची मोठी दुरुस्ती कधी, हे पाहावे. साधारण १२ ते १५ वर्षांनी ती येते. निधी सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवून पुढे पायऱ्यापायऱ्यांनी वाढवण्याची पद्धत आहे; आजचा आकडा वीस वर्षांनी तोच राहणार नाही.

क्षेत्रफळाचा खेळ इथेही आहे. जाहिरातीतला आकडा भिंतीच्या मध्यापासून मोजलेला, उताऱ्यातला आतल्या बाजूने. कर्जावरच्या करसवलतीसाठी उताऱ्यातला धरतात. कार्पेट एरियाचे भांडण मिटवून आलेल्यांनी इथे ते लगेच ओळखावे.

परत जायचे ठरले की नवा हिशेब सुरू होतो. विक्रीच्या वर्षाच्या १ जानेवारीला मालकीची पाच वर्षे पूर्ण नसतील तर नफ्यावर सुमारे ३९ टक्के कर, त्यानंतर सुमारे २० टक्के. स्वतः राहत असलेल्या घराच्या नफ्यातून अटी पाळल्यास तीन कोटी येनपर्यंत वजावट मिळते. देश सोडल्यावर विकले तर काही अपवाद वगळता खरेदीदार किमतीच्या १०.२१ टक्के रक्कम कापून कर विभागाला देतो; जास्तीची विवरणपत्र भरून परत मागायची. त्यासाठी जपानमध्ये एक कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. एप्रिल २०२४ पासून वारसाला तीन वर्षांत नाव लावून घेणे सक्तीचे झाले आहे. जपानी कुटुंबांकडे ‘कोसेकी’ ही कुटुंबनोंद असते, भारतीयांकडे नसते. नातलगत्व सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे, दाखले आणि भाषांतरे गोळा करावी लागतात. नवरा-बायकोने घर घेतानाच हे कागद एका फाईलमध्ये ठेवलेले बरे.

थोडक्यात हिशेब असा: कायम निवासाचा हक्क, किमान दहा वर्षे त्याच शहरात राहण्याची शक्यता आणि पुराच्या नकाशावर सुसह्य रंगात येणारी जमीन, या तिन्ही गोष्टी जमत असतील तर जपानमध्ये घर घेणे शहाणपणाचे आहे. पाच वर्षांत पुण्याला परतायचा विचार मनात असेल, तर निशिकासाईतल्या यूआरच्या भाड्याच्या घरातच राहावे.